कचरा म्हणायचं कुणी?

थंडीच्या दिवसांत संध्याकाळी मुरगूडहून वेदगंगेच्या काठाने निघालं, की तोडणी झालेल्या फडांतून धूर उठताना दिसतो. वाडं जनावरांपुढे जातं, वाळलेला पाला पेटवला जातो आणि काळ्या रानात खोडव्याला पाणी सुटतं. हे पाहून कुणी म्हणालं, ‘जाळता कशाला, या कचऱ्यातून इथेनॉल काढा,’ तर आपण पटकन मान डोलावतो. माझं भांडण त्या वाक्यातल्या ‘कचरा’ या एका शब्दाशी आहे.

एक हेक्टर उसातून आठ ते दहा टन पाचट निघतं. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र असतं, थोडं पालाश असतं आणि तिसऱ्या हिश्श्याहून जास्त सेंद्रिय कर्ब असतो. सरीत कुजवलं तर ओल टिकते, तण दबतं. पिढ्यान्‌पिढ्या ऊसच घेतलेल्या रानाला याहून स्वस्त खत मिळणार नाही.

इंडियन ऑइलच्या पानिपतच्या प्रकल्पाचा दाखला आता सगळीकडे दिला जातो. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा आणि त्यातून तीन कोटी लिटर इथेनॉल, असा त्याचा हिशेब; म्हणजे टनाला दीडशे लिटर. तिथं ते शोभतं. भात निघाल्यावर गहू पेरायला रान मोकळं लागतं, म्हणून पेंढा जळतो. आपल्याकडे खोडवा त्याच रानात उभा राहतो, पाचट तिथंच मुरू शकतं.

‘शेतकरी जाळतोच, मग नेलं तर काय बिघडलं?’ शेतकरी जाळतो, कारण मजूर मिळत नाही आणि कुट्टीच्या यंत्राचं भाडं परवडत नाही. पाचट गोळा करून, गठ्ठे बांधून, ट्रकने कारखान्यापर्यंत न्यायला पैसा उभा राहत असेल, तर ते रानातच बारीक करायला का उभा राहू नये?

आणि हा अनुभव आपल्याला नवा नाही. मळीवर आसवन्या उभ्या राहिल्या, चिपाडावर वीज तयार झाली. एफआरपी मात्र आजही १०.२५ टक्के साखर उताऱ्याच्या पायावर ठरते. उपपदार्थ धरून उत्पन्नाचा ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाला द्यावा, असं रंगराजन समितीने २०१२ मध्येच सांगितलं होतं. तरी दर हंगामाला जादा दरासाठी रस्त्यावर उतरावं लागतंच. घेणाऱ्याने एखाद्या वस्तूला कचरा म्हटलं, की तिचा भाव त्यानेच ठरवला असं समजावं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. खोडवा राखायचा असेल तर पाचट रानाचं. त्याच्या कुट्टीला अनुदान द्या. खोडवा मोडताना पाचट खुशाल न्या, पण काट्यावर वजन करून, लेखी दराने आणि इथेनॉलच्या उत्पन्नात वाटा देऊन. फुकट न्यायचं असेल, तर आधी वेदगंगेकाठच्या मातीला विचारा. तिच्या ताटातला घास उचलून गाडीच्या टाकीत ओतायचा आणि वर त्याला पर्यावरण म्हणायचं, हे चालणार नाही.