गिरणगावात पुन्हा गाव वसावे

महानगराच्या मध्यभागी वापराविना पडलेली जमीन ही केवळ बाजारभावाने मोजायची वस्तू नव्हे. त्या जमिनीवर कोण राहणार, कोण काम करणार आणि कोणाला शहराबाहेर जावे लागणार, या निर्णयातून समाजाचे चारित्र्य दिसते. हा निर्णय चुकला तर काय घडते, ते मुंबईच्या गिरणगावाने गेल्या चार दशकांत अनुभवले आहे. २०२०च्या टाळेबंदीत टाटा मिल, पोदार मिल या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचेही काम थांबले आणि उरलेल्या जमिनींचा प्रश्न पुन्हा समोर उभा ठाकला.

लालबाग, परळ, वरळी, चिंचपोकळी या पट्ट्यात एकेकाळी ५८ गिरण्या होत्या. सुमारे ६०० एकर जमिनीवरच्या या गिरण्यांभोवती कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांनी एक परिपूर्ण वस्ती उभी केली. गिरणी, चाळ, बाजार, शाळा, व्यायामशाळा आणि नाट्यगृह ही सारी एकमेकांपासून पायी चालण्याच्या अंतरावर होती. एकट्या राहणाऱ्या कामगाराला खाणावळीत घरचे जेवण मिळे आणि ती चालवणाऱ्या स्त्रीच्या संसाराला हातभार लागे. नगररचनाकार आज ज्याला मिश्र वापराची सर्वसमावेशक वसाहत म्हणतात, ती गिरणगावाने कोणत्याही आराखड्याविना साकारली होती. तिथे दाटी होती, गैरसोय होती, हे नाकारता येणार नाही. मात्र शेजारही होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि गिरण्यांची घसरण वेगाने सुरू झाली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने यावर न्याय्य तोडगा काढला होता. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा तर एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकाला, अशी ती वाटणी होती. १९९६मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने गिरणीगणिक सुटा विचार न करता एकत्रित नियोजनाची भूमिका मांडली. ती कागदावरच राहिली. २००१मध्ये नियम बदलला आणि वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. गिरण्यांची बहुतांश जमीन बांधकामाखाली असल्याने समाजाचा वाटा आक्रसला. उच्च न्यायालयाने २००५मध्ये या बदलाला चाप लावला, तरी २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. जे वैध ठरते ते हितकारक असतेच असे नाही.

परिणाम सर्वांसमोर आहेत. गिरण्यांच्या जागी कार्यालये, मॉल आणि उत्तुंग मनोरे उभे राहिले. रस्ते, पूल आणि मैदाने मात्र त्या प्रमाणात वाढली नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. त्या पुलावर कोंडलेली गर्दी ही नियोजनशून्य विकासाचीच गर्दी होती.

आणि कामगार? घरासाठी सुमारे दीड लाख अर्ज आले. २०१२ ते २०२० या काळातील सोडतींत १५,८७० घरे निघाली. त्यांतील २,४१७ पनवेलजवळच्या कोन येथील होती. पुढे शेलू-वांगणी येथे घरे देण्याची योजना आली, तेव्हा कामगार संघटनांनी तिला विरोध केला. ज्यांच्या घामाने शहराचा मध्य घडला, त्यांनी कर्जतच्या वाटेवर जावे, ही कसली परतफेड?

जमीन महाग आहे, ती स्वस्त घरांसाठी अडकवणे परवडणार नाही, असा युक्तिवाद होतो. परंतु ही किंमत एकट्या मालकाने निर्माण केलेली नाही. रेल्वे, रस्ते, पाणी आणि लाखोंचे श्रम यांतून ती वाढली आहे. शिवाय केईएम आणि टाटा रुग्णालयातील परिचारिका, सफाई कामगार, पोलीस शिपाई हे सारे दोन-दोन तास लोकलमध्ये उभे राहून येत असतील, तर त्याची किंमतही शहरच मोजते.

उर्वरित गिरण्यांच्या बाबतीत, विशेषतः ज्या सार्वजनिक मालकीच्या आहेत त्यांच्या बाबतीत, शासनाला वेगळा मार्ग धरता येईल. १९९१च्या वाटणीचे तत्त्व संपूर्ण जमिनीला लागू करावे. तळमजल्यावर दुकाने, लहान उद्योगांचे गाळे, महिला बचत गटांची खाणावळ आणि पाळणाघर असावे; वर लहान-मोठी, मालकीची आणि भाड्याचीही घरे असावीत. महापालिकेची शाळा, दवाखाना, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा आणि कुंपण नसलेले मैदान यांची तरतूद आधी व्हावी, इमारती नंतर. धनिकांचा मनोरा एका दारातून आणि कामगारांची इमारत मागच्या गल्लीतून, असा भेद मात्र राहू नये.

भोंगे आता पुन्हा वाजणार नाहीत, आणि गतकाळाच्या आठवणींवर कोणतेही शहर चालत नाही. मात्र सामाजिक समरसता ही केवळ व्यासपीठावरून सांगण्याची गोष्ट नव्हे. ती एकाच वाण्याच्या दुकानात, एकाच शाळेच्या बाकावर आणि एकाच गणपतीच्या मांडवात रुजते. त्यासाठी माणसे आधी एकमेकांच्या शेजारी राहावी लागतात. उरलेली जमीन थोडी आहे. ती एकदा हातची गेली की परत मिळणार नाही, याचे भान शासनाने आणि मुंबईकरांनी वेळीच ठेवावे.