नव्या स्लॅबला पांढऱ्या छताची अट घाला

मा. मुख्याधिकारी,
वरणगाव नगर परिषद यांस,



आपल्या भागात पारा ४५च्या पुढे गेला, ही आता बातमी राहिलेली नाही. पण मे महिन्यात रात्री दहा वाजता गावातल्या कुठल्याही वरच्या मजल्यावर जाऊन भिंतीला हात लावून पाहा. चटका बसतो. गच्चीवरच्या टाकीतले पाणी तेव्हाही अंगावर घेववत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खोलीत आग ओकतो, म्हणून कूलर पहाटेपर्यंत चालतो. ज्याला झेपते तो एसी बसवतो.

ही वीज येते कुठून? भुसावळच्या वाटेवर दीपनगरची धुराडी आपल्याला रोज दिसतात. तिथले पाचशे मेगावॉटचे दोन संच कोळशावर चालतात. देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. घर तापते म्हणून कोळसा जाळायचा आणि कोळसा जाळला म्हणून हवा आणखी तापायची, हे असेच चालू द्यायचे का?

आपल्या आजोबांची धाब्याची घरे आठवा. जाड मातीच्या भिंती, वर मातीचा थर, पावसाळ्याआधी त्यावर खारी माती टाकायची. भर दुपारी आत शिरले की जीव निवायचा. ती घरे परत बांधा, असे मी म्हणत नाही. गळती आणि दरवर्षीची मेहनत आता कोणालाच नको. पण स्लॅब टाकताना ऊन अडवणारा तो थर गेला आणि त्याच्या जागी आपण काहीच घातले नाही.

छताला चुन्याचे दोन हात किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग दिला, तरी खोली दोन-तीन अंशांनी उतरते. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी धोरणच केले. सरकारी इमारतींना आणि ६०० चौरस यार्डांच्या वरच्या प्लॉटवरील घरांना थंड छत बंधनकारक केले. आपले ऊन तेलंगणापेक्षा सौम्य नाही.

येत्या उन्हाळ्याआधी नगर परिषदेची आणि शाळांची छते पांढरी करा. आधीच्या आणि नंतरच्या मे महिन्याची वीजबिले शेजारी शेजारी फलकावर लावा. लोकांना आपोआप पटेल. मग बांधकाम परवानगी देताना प्रत्येक नव्या स्लॅबला ही अट घाला. पत्र्याच्या घरांना मात्र अट नको, मदत हवी. सगळ्यांत जास्त तीच माणसे भाजून निघतात. त्यांच्या पत्र्यांवरच्या रंगाचा खर्च नगर परिषदेने उचलावा आणि येत्या अर्थसंकल्पातच त्याची तरतूद करावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
वरणगावचा एक रहिवासी