गोठ्यापासून गल्ल्यापर्यंत



गेल्या महिन्यात कन्हानकडचे एक कुटुंब माझ्याकडे आले होते. वडील, थोरला मुलगा आणि सून. घरी चार म्हशी, त्यांतल्या दोन दुभत्या. जबलपूर रस्त्याला लागून घराची एक खोली आहे, तिथे दुकान काढायचे म्हणतात : खवा, पनीर, दही, तूप, जमल्यास पेढे. पलीकडे कामठी, अलीकडे कोळसा खाणीतल्या कामगारांच्या वसाहती, रस्त्यावर चोवीस तास वाहतूक. मुलाने आठ फुटी काचेच्या कपाटाचा भावही काढून आणला होता.

मी विचारले, "दूध किती निघते?" म्हणाला, "चौदा लिटर." घरचे दोन वजा करा, उरले बारा. म्हशीच्या पाच लिटर दुधाचा साधारण एक किलो खवा होतो. म्हणजे सगळे दूध आटवले तरी अडीच किलोच्या आत. कपाट आठ फुटांचे आणि माल एका परातीत मावणारा! मुलगा म्हणाला, "कमी पडला त नागपूरहून आणू जी."

इथे मी त्याला थांबवले. का थांबवले, ते सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्याच सल्ल्याने दुसऱ्या एका गावात अशाच कुटुंबाने दुकान काढले होते. खवा घरचा, गल्ल्यावर धाकटी सून. वर्षभरात नाव झाले. दिवाळी आली, मागणी तिप्पट झाली आणि भावांनी बाहेरून खवा आणला. सुनेला सांगितलेच नाही. ती बिचारी प्रत्येकाला "घरचाच आहे" म्हणून देत राहिली. खवा आंबूस निघाला. भाऊबीजेच्या दिवशी बायका डबे घेऊन दारात आल्या आणि बोलणी कोणी खाल्ली? गल्ल्यावर बसली होती तिने. पैसे परत केले, पण ती पुन्हा गल्ल्यावर बसली नाही, आणि सहा महिन्यांत दुकानाला कुलूप लागले. खवा किती निघतो हे मी त्यांना शिकवले होते. सणाच्या दिवसांत "संपला" म्हणायचे मात्र शिकवायचे राहिले. ती चूक माझी.

घरचे दुकान लहान असते, म्हणून ते टिकत नाही असे नाही. भिलवडीच्या चितळ्यांचे पाहा. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ साली कृष्णाकाठी दुधाचा धंदा सुरू केला. पुण्यातले मिठाईचे दुकान त्यांच्या मुलांनी १९५० साली काढले. आधी दूध, मग दुकान. ज्या बाकरवडीसाठी लोक रांगा लावतात, ती तर आणखी पुष्कळ नंतरची. दुपारी एक ते चार दुकान बंद, यावरून महाराष्ट्राने त्यांची किती थट्टा केली! २०१७ सालापर्यंत त्यांनी ती वेळ पाळली, आणि गिऱ्हाईक चार वाजता पुन्हा येतच होते.

आणखी लांबचे सांगू? इटलीतल्या मोंतेमिलोने गावचा साविनो दी पालो हा शेतकरी चीज करण्यात हुशार होता. अमेरिकेत जाऊन त्याने १९१० साली न्यूयॉर्कच्या इटालियन वस्तीत दुधाचे दुकान काढले. त्याच्या पणतवंडांनीही घराण्याचे दुकान चालवले. ताजे चीज तिथेच करायचे, गिऱ्हाइकाला आधी चाखायला द्यायचे, माल कोणत्या गावाहून आला ते सांगायचे. रांगेत वेळ लागतो, पण लोक उभे राहतात. इटलीतले नावाजलेले मोझरेला चीज मुळात म्हशीच्याच दुधाचे, हे ऐकून आपले वडीलधारे गृहस्थ खुशीत हसले. त्यांच्याकडच्या म्हशी अस्सल नागपुरी, लांब शिंगांच्या.

तर मग या घरासाठी काय ठरले? काचेचे कपाट रद्द. खोलीला चुना, खिडकीला जाळी, एक फ्रीज आणि एक तोलकाटा. अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी आधी. घरून विकतो म्हणून ती चुकत नाही. पहिले तीन महिने रोज सहा लिटरचा खवा किंवा पनीर, बाकीचे दही. पनीरचे पाणी फेकायचे नाही, ते जनावरांना चालते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत खव्याच्या भानगडीत पडू नका, त्या दिवसांत दही-ताकच चालवा.

माल वाढवायचाच असेल तर शेजारच्या चार गोठ्यांचे दूध घ्या. ज्या म्हशी तुम्ही डोळ्यांनी पाहता, त्यांचेच. लॅक्टोमीटर लावा, पण पावसात उभी असलेली शेजारीण म्हणजे चोर नव्हे, तेव्हा बोलताना जपून. दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी न चुकता द्या. तुमची उधारी वसूल झाली नाही, हे तिला ऐकवू नका. वनस्पती तेलाचे स्वस्त पनीर घेऊन कोणी विक्रेता दाराशी येईलच. ते दुधाचे पनीर म्हणून विकणे कायद्याने गुन्हा आहे, आणि वसाहतीतल्या बायकांची जीभ कायद्याच्याही आधी ते ओळखते.

उधारीचे म्हणाल तर खाणकामगाराला महिन्याचा पगार असतो, तेव्हा महिन्याची वही ठेवायला हरकत नाही. मागचे फिटल्याशिवाय पुढचे पान उघडू नका. पाहुण्यारावळ्यांना फुकट द्यायचे ते घरातल्या डब्यातून द्या, दुकानातल्या नव्हे. हे ऐकताना वडील खिडकीबाहेर पाहू लागले, त्यावरून मी काय ते समजलो.

निघताना सुनेने पहिल्यांदा तोंड उघडले. "साहेब, पहाटे चारला उठून खवा मी आटवीन. गल्ल्याची वही कोणापाशी राहील जी?"

मुलाने वडिलांकडे पाहिले. मी म्हटले, गल्ल्यावर जो बसेल, लोकांचे जो ऐकून घेईल, वही त्याच्याजवळ. आणि बाहेरून माल आणायचा की नाही, हेही त्यालाच विचारून. म्हातारबाबांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "लिहितावाचता तिलेच येते चांगलं. राहू दे तिच्यापाशी."

दसऱ्याला दुकान उघडायचे म्हणतात. मी पहिला पाव किलो खवा रोखीने घेणार आहे.

तुरीवरील अळीबद्दल पुष्कळ पत्रे आली आहेत. त्यांची उत्तरे पुढच्या अंकात.