बोटाला सांधा येतो कसा?

बाळाची बोटे मधल्या सांध्यात वाकत नाहीत असे लक्षात आले, की अनेक घरांत पहिला प्रश्न आईलाच विचारला जातो. 'दिवस गेले होते तेव्हा काय खाल्लेस? ग्रहणात बाहेर तर पडली नव्हतीस?' म्हणून सांधा तयार होतो कसा, हे आज आपण पाहू.

गर्भाच्या हातात आधी हाडे नसतात. बोटाच्या जागी मऊ कूर्चेची सलग कांडी असते. गर्भधारणेनंतर सहाव्या आठवड्याच्या सुमारास या कांडीत ठरावीक जागी पेशी चपट्या होऊन दाटीने एकत्र येतात. हीच सांध्याची जागा. तिथल्या पेशी 'जीडीएफ-५' नावाचे प्रथिन तयार करतात.

पण आजूबाजूला 'बीएमपी' नावाची प्रथिने असतात. ती पेशींना 'कूर्चा व्हा' असा निरोप देत असतात. तो निरोप सांध्याच्या जागीही पोचत राहिला, तर कांडी अखंडच राहील. त्याला आवर घालते 'नॉगिन' हे प्रथिन. ते बीएमपीला चिकटून बसते आणि निरोप अडवते. ज्या उंदरांत नॉगिन मुळीच नव्हते, त्यांच्या पायांत सांधेच झाले नाहीत.

पुढे त्या जागी हायलुरोनिक आम्ल साठते, ते पाणी धरून ठेवते आणि दोन टोकांमध्ये पोकळी पडते. या कामी हालचालही लागते. अंड्यातल्या कोंबडीच्या पिलांचे स्नायू औषधाने लुळे केले, तेव्हा पडू लागलेले सांधे पुन्हा जुळून गेले.

आता त्या प्रश्नाकडे येऊ. बोटे जन्मतः सांधलेली असण्याच्या एका प्रकारात दोष नॉगिनच्या जनुकात असतो, हे 1999 साली समजले. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष असली तरी पुरते. ती आईकडून येऊ शकते, तशीच वडिलांकडूनही. कधी कधी दोघांतही नसते, बाळातच नव्याने उद्भवते. खाण्यापिण्याचा किंवा ग्रहणाचा यात काहीही संबंध नाही.

असे बाळ घरात असेल, तर बोटे जोराने ओढू-वाकवू नका. हाड जिथे जुळलेले आहे, तिथे मालिशने सांधा तयार होत नाही. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. बोटे न वाकण्याची कारणे इतरही असतात, ती तेच ओळखतील. आणखी एक गोष्ट विसरू नका: बाळाचे कान तपासून घ्या. या दोषात कानातली इवलीशी हाडेही जखडतात आणि मुलाला कमी ऐकू येऊ शकते. ते वेळीच कळले तर उपाय करता येतो, आणि मूल बोलण्यात मागे पडत नाही.

आईला जाब विचारण्यात जे दिवस जातात, ते या तपासणीसाठी द्यावेत, एवढेच आमचे सांगणे.