कोकराला जवस चारा, पण आधी गिऱ्हाईक शोधा

बंदिस्त मेंढीपालनावर बोललो की एक प्रश्न हमखास येतो: "सर, कोकरांना जवस खाऊ घालून 'ओमेगा-३ मटण' म्हणून जास्त भावात विकता येईल का?"

माझं मत ऐका. जिवंत जनावर बाजारात किंवा व्यापाऱ्याला देणार असाल, तर या भानगडीत पडू नका. व्यापारी पाठ चाचपतो, वजनाचा अंदाज घेतो आणि भाव सांगतो. चरबी कुठल्या प्रकारची, हे तो विचारत नाही. खर्च तुमचा, फायदा कुणाचाच नाही.

जवसात दम आहे, यात वाद नाही. त्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ असतं. सरकी, करडई, सूर्यफूल यांत मुख्यतः ओमेगा-६. त्यामुळे सरकी चारून 'ओमेगा-३' म्हणणं ही शुद्ध फसवणूक. शिवाय सरकीत गॉसिपॉल असतं, ते लहान कोकरांना बाधतं.

पण मेंढी म्हणजे कोंबडी नव्हे. तिच्या कोटीपोटातले जिवाणू चांगल्या चरबीचा बराचसा भाग बदलून टाकतात, मांसात उतरतो तो थोडाच. म्हणून भरमसाट जवस घालायचा मोह होतो. तिथेच घोटाळा! एकूण खाद्यात तेलाचं प्रमाण ६ टक्क्यांच्या वर गेलं की चारा पचायचा मंदावतो आणि वजनवाढ खुंटते.

हिशोब करू. २० किलोचं कोकरू दिवसाला साधारण ८०० ग्रॅम कोरडं खाद्य खातं. त्याचे ६ टक्के म्हणजे ४८ ग्रॅम तेल. चारा आणि खुराकातून निम्मं आधीच पोटात जातं. उरले २४ ग्रॅम. जवसात ४० टक्के तेल धरलं तर ६० ग्रॅम जवस झाला. मी म्हणेन ५० वरच थांबा, आणि तेही आठवडाभरात हळूहळू वाढवत न्या. रोजच्या रोज भरडा, कारण भरडलेला जवस लवकर खवट होतो. कोमट पाण्यात भिजवत ठेवू नका, त्यातून सायनाइड सुटू शकतं.

विक्रीआधी ६० दिवस चारला, तर एका कोकरामागे ३ किलो जवस. किलोला १०० रुपये धरा (तुमच्या गावचा भाव टाका), ३०० रुपये झाले. तेवढा मका वाचला म्हणून ७५ वजा करा. १२ किलो मटण निघालं, तर किलोमागे जवळजवळ १९ रुपये जादा. एवढंच? हो, खाद्याचं एवढंच. खरा खर्च पुढे आहे: प्रयोगशाळेतली तपासणी, पॅकिंग, थंड साखळी.

आणि इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही. अशी चरबी हवेशी संयोग होऊन लवकर खराब होते. मटण लवकर तपकिरी पडतं, वास बदलतो. सकाळी कापलं आणि दुपारपर्यंत संपलं, तर कळणारही नाही. पण पाकिटात घालून पुण्या-मुंबईला चार दिवसांनी पोचवणार असाल, तर गिऱ्हाईक पहिल्यांदा रंग बघतं. म्हणून खाद्यात व्हिटॅमिन ई हवं. मात्रा पशुवैद्यकाला विचारा.

अजून एक गंमत. हिरव्या गवतातही हेच ओमेगा-३ असतं. रानात चरणाऱ्या धनगराच्या मेंढीला ते फुकट मिळतं. मका आणि वाळल्या चाऱ्यावर वाढलेल्या बंदिस्त कोकरात ते कमी असतं. त्यामुळे तुमच्याकडे चराई असेल, तर जवसावर पैसे घालण्याऐवजी 'चरून वाढलेलं मटण' हीच ओळख विका. मला तरी हा धंदा जास्त सोपा वाटतो.

तरी बंदिस्तच करायचं असेल, तर आधी नेहमी घेणारी वीस घरं किंवा दोन हॉटेलं पक्की करा. मग दहाच कोकरांवर प्रयोग करा. दहा जवसाची, दहा साध्या खुराकाची. वजन दर पंधरवड्याला वहीत लिहा, मटण दोन्हीचं तपासून घ्या. रिपोर्ट हातात येईपर्यंत पाकिटावर 'ओमेगा-३' छापू नका. अशा दाव्यांना एफएसएसएआयचे २०१८ चे नियम लागू आहेत.