समजून घ्या : घरं बांधली, पण गाव सांधलं का? किल्लारीने शिकवलेला अर्धवट धडा

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन करून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावं नुकतीच झोपली होती. भूकंपाने काही सेकंदांत गावंच्या गावं ढिगाऱ्यात गेली. सरकारी नोंदीनुसार ७,९२८ जणांचा जीव गेला. इतर अंदाज दहा हजारांच्या घरात जातात.

या आपत्तीनंतरचं पुनर्वसन देशातल्या मोठ्या प्रयोगांपैकी एक मानलं जातं. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. पण घर उभं राहिलं म्हणजे माणूस उभा राहिला, असं होतं का? दरडी आणि पूर नेहमीचे झालेल्या महाराष्ट्राने हा प्रश्न आता तरी विचारायला हवा.

भाकरी कोणी आणायची?

मराठी मुलखात दु:ख एकट्याने काढायचं नसतं. ज्या घरात मृत्यू होतो, त्या घरात चूल पेटत नाही. शेजारी आणि भावकी पिठलं-भाकरी घेऊन येतात. दहावा, तेरावा होतो, मग कोणीतरी जवळचं माणूस तोंड गोड करतं आणि घर पुन्हा व्यवहाराला लागतं. मुस्लिम घरात चाळिसाव्यापर्यंत माणसांची ये-जा असते. प्रत्येक रीत वेगळी असली तरी मुद्दा एकच असतो. ज्याच्यावर वेळ आली आहे, त्याला ज्याच्यावर आली नाही त्याने सावरायचं.

किल्लारी, सास्तूर परिसरात ही साखळीच तुटली. भाकरी आणणाऱ्याच्या घरातही प्रेत होतं. पावसात, कोसळलेल्या घरांच्या लाकडांवर सामूहिक अंत्यसंस्कार झाले. काही मृतदेहांची ओळख पटवायलाही घरातलं कोणी उरलं नव्हतं. लिंगायत आणि मुस्लिम कुटुंबांत दफनाची रीत आहे, पण त्या धावपळीत ज्याची त्याची रीत पाळणं सगळीकडे शक्य नव्हतं. दुसऱ्याच दिवशी पितृपक्ष लागला. पान वाढायला घर नव्हतं आणि अनेक घरांत वाढणारं माणूसही नव्हतं.

घर मिळालं, शेजार गेला

जुन्या गावात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद असायचं. याच वजनाने सर्वाधिक बळी घेतले. त्यामुळे नवी घरं भूकंपरोधक असणं गरजेचंच होतं आणि ती तशी बांधली गेली. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

चूक आखणीत झाली. घराचा आकार जमिनीच्या मालकीवर ठरला : भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्या गटाला ४५० आणि मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. अनेक नव्या गावांत एका आकाराची घरं एका रांगेत आली. कागदावर हे सोयीचं होतं, पण जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लावून राहणारी भावकी विखुरली. रुंद, सरळ रस्त्यांची ही गावं जुन्या गावठाणापेक्षा कितीतरी पट पसरली. ओट्यावरून हाक मारली की शेजारीण येईल, हे अंतर राहिलं नाही. माणसांना एकमेकांची सर्वाधिक गरज होती, त्याच वेळी नकाशाने त्यांना लांब नेलं.

मग सावरलं कशाने?

पाच दाखला देण्याजोग्या गोष्टी नसतील, पण एक नक्की आहे. ५२ गावांव्यतिरिक्त जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती त्याच जागी, घरमालकांच्या हाताने झाली. त्यासाठी गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं. सिमेंट किती, पट्टा कुठे, हप्ता कधी, हे त्या घरोघरी जाऊन समजावत. काम बांधकामाचं होतं, पण त्या निमित्ताने दारं उघडली आणि बोलणं सुरू झालं. पुढे २००१च्या कच्छ भूकंपानंतर लातूर भागातल्या बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला आणि घर कसं उभं करायचं ते सांगायला गेल्या. ज्यांना कोणी भाकरी आणली नव्हती, त्या दुसऱ्यांसाठी भाकरी घेऊन गेल्या. सावरणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

दुसरी गोष्ट आठवणीची. ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी दरवर्षी श्रद्धांजली वाहिली जाते. भुजमध्ये भुजिया डोंगरावर २०२२ मध्ये स्मृतिवन खुलं झालं, तिथे मृतांची नावं कोरलेली आहेत. आकड्यात हरवलेल्या माणसाचं नाव कुठेतरी वाचता येणं, हेसुद्धा एक प्रकारचं श्राद्धच आहे.

सरकारने यात पडावं का?

आक्षेप रास्त आहे. कोणी कसं रडावं हे तहसीलदाराने ठरवू नये. आधी पाणी, औषध, छप्पर हेच हवं. पण शोकाला जागा ठेवणं आणि शोक कसा करावा हे ठरवणं, यात फरक आहे.

हा प्रश्न जुना झालेला नाही. जुलै २०२३ मध्ये रायगडच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. शोध थांबला तेव्हा ५७ जण सापडलेलेच नव्हते. त्यांच्या घरच्यांसाठी तो डोंगरच स्मशान झाला.

तीन साधी कामं

पुनर्वसनाच्या आराखड्यात तीन गोष्टी लिहून ठेवता येतील. पहिली, प्लॉटवाटपाआधी कोणाला कोणाशेजारी राहायचं आहे हे विचारावं. दुसरी, नव्या गावात पार, देऊळ, दर्गा, समाजमंदिर यांची जागा रस्त्यांइतकीच आधी ठरवावी आणि जुन्या जागी जाण्याची वाट खुली ठेवावी. तिसरी, पहिल्या वर्षश्राद्धापर्यंत समुपदेशक आणि आधी अशा आपत्तीतून गेलेल्या गावांतली माणसं तिथे येत राहतील, अशी तरतूद करावी.

यातल्या एकाही कामाला फार पैसा लागत नाही. घरांची पाहणी करायला अधिकारी येतात, तडे मोजतात, अहवाल लिहितात. आपण राहतो तिथे कोणाची चूल बंद आहे आणि भाकरी कोण देणार, हा रकानाही त्या अहवालात असायला हवा.