वसई जिंकली, पण राखली काय?

१७३९ सालच्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा कोट सर केला, ही गोष्ट महाराष्ट्रातील शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. कोट हाती येत नसेल तर निदान आपले मस्तक तरी तोफेने आत उडवा, असे अप्पांनी सरदारांना सांगितल्याची कथा खरी असो वा मागाहून रचलेली असो, ती ऐकून ज्याचे मन हलत नाही असा मराठी माणूस विरळाच. दर वर्षी मे महिना आला की त्या विजयाचे स्मरण होते, हार घातले जातात, भाषणे होतात. ते व्हावे यात वाद नाही. परंतु ज्या कोटासाठी दोन वर्षे मोहीम चालली, ज्याच्या तटाखाली मराठ्यांची हजारो माणसे पडली, तो कोट स्वतः आत हिंडून, नीट पाहून आलेले आमच्या वाचकांत कितीजण निघतील? आम्हांस उत्तराची भीती वाटते, म्हणून प्रश्न येथेच सोडतो.

वसई काही दूर नाही. चर्चगेटला गाडीत बसावे, वसई रोड स्थानकावर उतरावे आणि रिक्षाने किल्ला गाठावा. अर्ध्या दिवसाचे काम. २०२४ च्या फेब्रुवारीत भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली तेव्हापासून तर खाडी ओलांडून थेट किल्ल्याच्या अंगालाच उतरता येते. गेल्या महिन्यात आम्ही एका रविवारी तेथे गेलो होतो. समुद्राकडच्या दरवाजाची जाड, लोखंडी खिळ्यांची फळी पाहून आत शिरलो आणि पुढचे चार तास आम्ही एका मेलेल्या शहरातून हिंडत होतो. हो, शहरच! किल्ला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डोंगर, बुरूज, टाके आणि तटावरचे निशाण येते. वसईच्या तटाच्या आत सुमारे ११० एकरांत रस्ते होते, वाडे होते, इस्पितळ होते, मठ होते, महाविद्यालय होते. छप्पर उडालेल्या चर्चच्या भिंती आजही तीन-तीन पुरुष उंच उभ्या आहेत, आणि त्यांच्या कमानींवर वड-पिंपळांनी अशी काही मिठी मारली आहे की, झाडाने भिंत धरली आहे की भिंतीने झाड, हे सांगता येऊ नये. पायांखाली पाचोळ्यात कोरीव थडगी दडलेली. त्यांवरची पोर्तुगीज अक्षरे पुसट होत चाललेली. त्या अक्षरांच्या शेजारीच कोणा प्रेमवीराने दगडाने ओरखडून ठेवलेली दोन नावे मात्र अगदी स्पष्ट! एका कोनाड्यात रिकाम्या बाटल्या, आणि एका वेदीच्या जागी लग्नापूर्वीची छायाचित्रे काढून घेणारे जोडपे. त्या जोडप्याला आम्ही दोष देत नाही. जेथे ती उभी होती ती जागा काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

आणि हे न सांगणे हीच वसईची खरी व्यथा आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या डिसेंबरात वसई व तिच्याबरोबरची बेटे पोर्तुगीजांना लिहून दिली. त्या बेटांत आजची आपली मुंबईही होती. म्हणजे ज्या मुंबईच्या मोठेपणाच्या आपण गप्पा मारतो ती त्या काळी वसईच्या पदराला बांधलेली एक गाठ होती. पुढची दोनशे वर्षे वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी. गोव्यातल्या बॉम जेझूच्या दर्शनी भागातील कोरीव काळा दगड वसईहून नेलेला. जुन्या गोव्यातील चर्चांना १९८६ सालीच जागतिक वारशाचे स्थान मिळाले, ते योग्यच झाले. पण ज्या गावाने त्यांना दगड पुरवला त्या गावातली त्यांची भावंडे पावसात भिजत उभी आहेत. याच वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यांना १५९७ साली जपानात नागासाकी येथे क्रुसावर मरण आले आणि १८६२ साली रोमने त्यांना संतपद दिले. त्यांच्या नावाचे चर्च किल्ल्याच्या आतच आहे. आणि त्याच आवारात मराठी अमदानीतले महादेवाचे देऊळ आहे, वज्रेश्वरीही आहे, वाटेच्या कडेला मारुती आहे. तटाला लागून कोळ्यांची वस्ती आहे, त्यांची होडकी आहेत, वाळत घातलेले बोंबील आहेत. इतिहासाच्या एवढ्या घड्या एका तटाच्या आत उलगडत बसलेल्या असाव्यात, अशी जागा कोकणात दुसरी आम्हांला तरी ठाऊक नाही.

मोहिमेचीच गोष्ट घ्या. १७३७ मध्ये ठाणे व साष्टी हाती आली तरी वसई येईना. तीन बाजूंना पाणी आणि दलदल, चौथ्या बाजूला उघडी वाळू, आणि तिच्यावर रोखलेल्या बुरुजांवरच्या तोफा. त्या वाळूतून मोर्चे पुढे सरकवायचे, तटाच्या पायथ्याशी सुरुंग खणायचे, वरून येणारा मारा सोसायचा. काही सुरुंग उलटले आणि आपलीच माणसे गारद झाली. अखेरीस सुरुंगांनी तटाला भगदाडे पडली, तेव्हा कोठे पोर्तुगीजांनी तहाचे निशाण दाखविले. शेजारचे मुंबईकर इंग्रज या साऱ्या काळात व्यापाऱ्याच्या थंड डोळ्यांनी तमाशा पाहत होते. विजयानंतर अप्पांनी शत्रूला शस्त्रांनिशी मानाने बाहेर पडू दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्माची मोकळीक ठेवली. विजयाच्या भाषणांत ही शेवटची गोष्ट फार थोड्या तोंडून ऐकू येते, म्हणून आम्ही ती मुद्दाम नोंदवितो. या रणसंग्रामाची पत्रे आहेत, केळकरांची ‘वसईची मोहीम’ आहे, गर्सन द कुन्हा यांनी १८७६ साली चौल-वसईच्या पुरावशेषांवर लिहिलेले पुस्तक आहे. कागद भरपूर आहे. पण कोणता सुरुंग कोठे उडाला, मोर्चे कोणत्या वाळूतून पुढे सरकले, भगदाड मराठ्यांनी नंतर कसे बुजविले, हे जमिनीवर बोट ठेवून दाखवील अशी एक पाटी, एक नकाशा, एक जाणता मनुष्य आम्हांस त्या दिवशी तेथे भेटला नाही.

असे का व्हावे? आमचे उत्तर थोडे कडू आहे. विजय आमचा, पण वास्तू परक्यांची, अशी एक चोरटी भावना आमच्या मनात आहे. रायगडाची धोंड हलली तर आम्हांला यातना होतात. वसईची कमान कोसळली तर फिरंग्यांची होती असे म्हणून आम्ही पुढे जातो. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या १२ दुर्गांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, त्यांतील ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतील जिंजीचा. आम्हांला त्याचा आनंद झाला. वसई त्या यादीत नाही म्हणून रडगाणे गाण्याचे कारण नाही. ती यादी मराठ्यांच्या दुर्गरचनेची आहे आणि वसईचा कोट काही मराठ्यांनी रचलेला नाही. पण जिंकलेला किल्ला बांधलेल्या किल्ल्यापेक्षा कमी आपला असतो काय? पुढे १७८० मध्ये इंग्रजांनी वसई घेतली, सालबाईच्या तहाने ती परत आली, आणि १८०२ सालच्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने येथेच तो तह केला, ज्याने पेशवाईच्या गळ्यात दोर पडला. आमचा सर्वांत झळाळता विजय आणि आमची सर्वांत लाजिरवाणी सही, दोन्ही या एकाच गावी. पराजयाच्या जागेवर हार कोण घालणार? इंग्रजी अमदानीत तर या तटाच्या आत ऊस लावून साखर काढण्याचाही प्रयोग झाला. इतिहासाची अशी चेष्टा दुसरीकडे कोठे झाली नसेल.

तेव्हा करायचे काय? किल्ला सुशोभित करा, असे कोणी म्हणाले की आमच्या छातीत धस्स होते. सुशोभन म्हणजे रंगीत दिवे, कारंजे, सिमेंटचे बाक आणि उद्घाटनाची संगमरवरी पाटी! वसईला यांतले काहीही नको. खाऱ्या वाऱ्यात दगडी भिंतीला सिमेंट फासणे म्हणजे दमेकऱ्याचे नाक दाबून धरणे होय. चुन्याची भिंत श्वास घेते, ओल आत शिरली तरी बाहेर पडते; सिमेंट ती आत कोंडते, क्षार दगडातच साठतात आणि काही वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. झाडांचेही तसेच. उत्साही मंडळी श्रमदानाला येतात, पिंपळ बुंध्यापासून तोडतात आणि समाधानाने घरी जातात. पुढच्या पावसाळ्यात तोच पिंपळ दुप्पट जोमाने फुटतो. मूळ ओढून काढावे तर त्याच्याबरोबर भिंतच खाली येते. मूळ जागच्या जागी मारून, ते वाळल्यावर सांधा चुन्याने भरणे, भिंतीच्या माथ्यावर पाणी साचणार नाही अशी उतरती पाठ करणे, ही कामे कंटाळवाणी आहेत, त्यांचे छायाचित्र चांगले येत नाही. पण भिंती त्यांनीच टिकतात. श्रमदान करणाऱ्या तरुणांचा आम्हांला मनापासून अभिमान आहे. त्यांच्या हाती कोयत्याआधी जाणकाराचा सल्ला पडावा, एवढेच आमचे म्हणणे.

त्याहीआधी हवी ती मोजणी आणि वाचन. प्रत्येक भिंत, प्रत्येक विहीर, प्रत्येक थडग्यावरचा लेख यांची छायाचित्रांसह नोंद करून ती लोकांपुढे ठेवावी. पोर्तुगीज जाणणारा, मोडी जाणणारा आणि दगड जाणणारा अशा तिघांनी एकत्र बसावे. मुंबईत व गोव्यात असे लोक आहेत. वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयानंतर महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर दुसरी आहे, भीमाशंकरासही आहे. त्या परत आणा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्या देवळांत त्या गेली पावणेतीनशे वर्षे वाजत आहेत तेथेच त्या शोभतात. पण कोणती घंटा कोणत्या देवळात आहे, तिच्यावर कोणते साल कोरले आहे, याची यादी किल्ल्याच्या दारात लागली तर वसईचा तट नाशिकपर्यंत आणि भीमेच्या उगमापर्यंत पोहोचतो हे पाहणाऱ्याला आपोआप कळेल.

किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहे. १९५८ चा कायदा आहे, २०१० च्या दुरुस्तीने स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामास मनाई व त्यापुढे दोनशे मीटरवर नियंत्रण आहे. कायदा हात धरतो, पण वाट दाखवीत नाही. तटाला लागून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कोळ्याला घराची कौले बदलायला परवानगीसाठी खेटे घालावे लागले, तर त्याला किल्ला आपला वैरी वाटू लागतो. आणि ज्याच्या अंगणात वास्तू आहे तोच तिचा वैरी झाला तर शंभर पहारेकऱ्यांनीही ती राखली जाणार नाही. त्याच वस्तीतील मुलामुलींना शिकवून वाटाडे करा, चुन्याचे काम करणारे गवंडी स्थानिकांतून तयार करा, बोटीने येणाऱ्या गर्दीतून मिळणाऱ्या पैशाचा वाटा त्यांच्या पदरात पडू द्या. याला पैसा कोठला, असे विचारणाऱ्यांना आम्ही इतकेच सुचवू की, येत्या मे महिन्यातील विजयोत्सवाच्या मंडपाचा, दिव्यांचा आणि कर्ण्यांचा खर्च एक वर्ष बाजूला काढावा. त्यात निदान एका चर्चच्या भिंतींचा माथा तरी पावसाळ्यापूर्वी बांधून होईल. कोणत्या भिंतीपासून सुरुवात करायची हे ठरवायला मात्र आतापासून कोणीतरी शिडी लावून वर चढले पाहिजे. मृगाचा पाऊस कोणाच्या समितीच्या अहवालासाठी थांबत नसतो.